मागच्या दाराचं कुलूप

१

साकोलीत हायवेला लागून बाबूलालचं दुकान आहे. पाटीवर 'हार्डवेअर' लिहिलंय, आत खिळे, बिजागऱ्या, सुतळी, नळाच्या तोट्या सारं मिळतं. पण अख्खा तालुका त्याला 'कुलूपवाला बाबूलाल' म्हणूनच ओळखतो. शाळा चौथीतच सुटली. पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी दिलं आणि फीसुद्धा त्यांच्याकडूनच वसूल केली, असं तो स्वतःच सांगतो आणि स्वतःच हसतो.

घराचं कुलूप कधी बदलावं, हे विचारायला माणसं त्याच्याकडे येतात. चहा पाजून तो सांगतो. चाबी हरवली, तर बदला. भाडेकरू गेला, तर तो देवमाणूस असला तरी बदला. भावाभावांत वाटणी झाली, तर त्या दिवशीचं जेवण नंतर, कुलूप आधी. चाबी फिरवताना दाराला खांदा लावावा लागतो का? मग चोराआधी तुम्हीच एक दिवस बाहेर राहाल. आणि मग त्या माणसाची गोष्ट, ज्यानं दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप नेलं आणि चाबी हरवू नये म्हणून कुलपाशेजारीच खिळ्याला टांगली. चोरानं घर धुऊन नेलं. पण माणूस इमानी, जाताना कुलूप लावून चाबी परत खिळ्याला अडकवून गेला.

दिवाळीच्या आधी सुशीलाबाई आल्या. गोष्टीला हसल्या, पदरानं तोंड पुसलं, आणि म्हणाल्या, "आन् बाबूलालभाऊ, घरचं मानूस गेल्यावर?"

"कुठी गेल्यावर?"

"गेल्यावर जी. आमचे गेले नं औंदा. त्याहिच्या सदऱ्याच्या खिशातच राहून गेली घरची चाबी, सदऱ्यासंगं तीबी गेली. पोरगा म्हन्ते बदलून टाक. बदलू का?"

हरेक प्रश्नाला त्याच्याकडं दोन उत्तरं आणि एक गोष्ट असायची; या वेळी त्याचा हात आपोआप कमरेला गेला. करदोड्याला बांधलेली चाबी तिथंच होती, अंगाच्या उबेनं कोमट.

"त्याले... थांबा थोडं," तो म्हणाला. "आत्ताच काहून घाई करता?"

२

करदोड्याची ती चाबी घराच्या मागच्या दाराची होती, आणि ते कुलूप त्यानं बायकोसाठी बसवलं होतं.

शकुनबाई म्हणजे एके काळी चालतंबोलतं दुकान. कोणता माल कुठल्या फळीवर, कोण उधारी बुडवणार, कोण लाजून देणार, सारं तोंडपाठ. मग कधी भाजीत मीठ राहायला लागलं, कधी वार चुकायला लागला. दुकान खाली करताना एकेक फळी रिकामी होत जाते, तसं तिचं डोकं रिकामं होत गेलं. आठवणीतून मुलगा राजकुमार गेला, सून रिता गेली, शेवटी नवराही गेला. एकच फळी भरलेली राहिली, सानगडी. तिचं माहेर.

दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडई भरते. रात्रभर नाटक, दंडार, आणि लेकीबाळी माहेरी. शकुनबाईला न्यायला तिचा थोरला भाऊ देवाजी दरसाल यायचा. थंडीतही हातात काळी छत्री. बहिणीच्या सासरचं पाणी प्यायचं नाही हा जुना नेम त्यानं जन्मभर पाळला, म्हणून तो पुढच्या दारानं कधी घरात आलाच नाही. धानाच्या बांधीच्या पाळीवरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालत यायचा, मागच्या दाराशी उभा राहायचा, छत्रीचं टोक पायरीच्या दगडावर ठोकायचा, खाकरायचा. "शकुन, निघतं का वो?" बाबूलाल आग्रह करायचा, "बसा तं खरी, भाऊ!" तो म्हणायचा, "नाई जवाईबापू, उभाच बरा हाय." बहीण गाठोडं घेऊन निघेपर्यंत तो माणूस उन्हात उभा राहायचा.

देवाजीला जाऊन बरीच वर्षं झाली. पण शकुनबाईच्या लेखी तो रोज दुपारी यायला लागला. ती लुगडं गाठोड्यात बांधायची आणि मागच्या दारानं निघायची. एकदा ती तलावात सापडली, गुडघाभर पाण्यात, गाठोडं डोक्यावर. त्या संध्याकाळी बाबूलालनं कडी काढली आणि दारात आतबाहेर दोन्हीकडून एकाच चाबीनं चालणारं, आरपार भोकाचं कुलूप बसवलं.

मग तिचा तो धंदाच झाला. दुपारी तो जेवायला घरी आला की ती कुलपाशी बसलेली. भोकात काडी घाल, आकडा घाल, चमच्याची दांडी घाल. काडी जाड असली की तिचं टोक दातांनी चावून मऊ करायची आणि पुन्हा घालायची. त्याला पाहिलं की अदबीनं पदर सावरायची.

"ओ दुकानदार, कुलूप काढा नं जी. दादा उभा हाय बाहेर. ऊन हाय."

"उद्या काढतो, बाई."

दुकानात माल नसला की गिऱ्हाइकाला असंच सांगतात, 'उद्या या.' रोज सांगितलं तरी चालतं. ती समजूतदार गिऱ्हाइकासारखी मान हलवायची आणि बाजूला बसायची.

पोळ्याच्या तोंडावर, एका दुपारी, तशी बसल्या बसल्याच ती गेली. तोंडात तुळशीपत्र बाबूलालनंच ठेवलं. सानगडीहून भाच्यानं माहेरचं हिरवं लुगडं आणलं. आणि सवाष्ण बाई म्हणून तिला थाटानं, पुढच्या दारानं नेलं.

३

"मामाजी, मागचं दार तं उघडून द्या," रिता म्हणाली. कमरेला पदर खोचलेला, हातात केरसुणी, केसांत जाळी. "दिवाळी आली. ते कोठी तिकडून झाडल्याशिवाय होत नाई."

"पुढून झाड."

"पुढून झाडून कचरा कुठी नेऊ, तुमच्या दुकानात?"

बाबूलालनं चाबी काढली. मनात म्हटलं, पोळ्यापासूनचा पाऊस खाल्लाय, कुणी हात लावलेला नाही. कुलूप गंजून धरलं असणार. तेलाची कुपी आणली. चाबी घातली आणि अंगठ्याला जोर दिला.

जोर वाया गेला. चाबी लोण्यातून सुरी जावी तशी फिरली.

आता, दुसऱ्या कुणाला यात काही वाटलं नसतं. पण ज्या माणसाची बोटं जन्मभर कुलपांत गेली, त्याला बोटं सांगतात. वापर नसलेलं कुलूप मुकं होतं, घासतं, कुरकुरतं. हे कुलूप रोज बोलणाऱ्या माणसासारखं मोकळं होतं.

त्यानं वाकून बघितलं. बाहेरच्या अंगाची पितळी पट्टी पावसानं काळी-हिरवी पडलेली. आतल्या अंगाची मात्र भोकाभोवती लख्ख, देवळातल्या घंटेचा लोलक असतो तशी. आणि तिच्यावर बारीक ओरखडे.

"रिता, तू हात लावतं का याले?"

"मी? मले कायले पायजे तुमचं कुलूप? चाबी तं तुमच्या कमरंले." तिनं केर गोळा केला, मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "मले वाटलं तुमीच लावता. दुपारी आवाज येते नं. मी राजकुमारले म्हटलं, मामाजीले करमत नाई, बसू दे."

"कोनता आवाज?"

"खुडखुड. कुलपाचा. तुमी घरी येता तवाचा."

बाबूलाल हसला. सवयीनं हसला. दुपारी तो घरी येतो तेव्हा जेवतो, आणि त्याच कोठीत खाट टाकून डाव्या कुशीवर झोपतो. कुलपाजवळ तो तेरवीपासून गेलाच नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी तो झोपला नाही. झोपल्यासारखा पडला.

कोठी लांबट, अंधारी. एका भिंतीला धानाची पोती, दुसरीला जुन्या मालाच्या पेट्या. मागचं दार पश्चिमेला. ऊन उतरलं की कुलपाच्या भोकातून उजेडाची एक सुई आत येते आणि जमिनीवर तिचा ठिपका पडतो. तो ठिपका बाबूलालचं दुपारचं घड्याळ होतं. पेटीपाशी पोहोचला की उठायचं, दुकान उघडायचं.

त्या दिवशी ठिपका जमिनीवर नव्हता.

ढग आला असेल, त्यानं विचार केला. मग दाराकडं पाहिलं. भोक तर झगझगीत उजळलेलं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं. भोकातून उजेड आत येत होता आणि जमिनीपर्यंत पोहोचत नव्हता. मधेच कुठंतरी अडत होता.

मध्ये काहीच नव्हतं. मधली मोकळी फरशी त्याला स्वच्छ दिसत होती.

माणूस पक्का व्यापारी. त्यानं मनात हिशेब मांडला: डोळ्यांत मोतीबिंदू आहे, जेवण जड झालंय, रितानं कान भरलेत. तिन्ही कारणं खरी होती. तेवढ्यात खुडखुड सुरू झाली. उंदराची नव्हे, उंदीर घाईत असतो. ही सावकाश होती. काहीतरी भोकात जायचं, चाचपडायचं, थांबायचं, आणि थांबल्यावर एक बारीक, ओला, कचकच आवाज. कुणीतरी काडी चावत होतं.

मग ठिपका परत आला. जमिनीवर, आपल्या जागी.

बाबूलाल कितीतरी वेळानं उठला. कुलपाच्या भोकात तुळशीची वाळकी काडी अडकली होती. टोक चावून कुंचल्यासारखं झालेलं. बोटाला लागलं, ते ओलं होतं.

५

"बाबा, सरळ गोष्ट हाय," राजकुमार म्हणाला. रात्रीच्या जेवणाला तिघंही बसले होते. "कोनी तरी दुसरी चाबी करून घेतली. तुमीच सांगता नं लोकाइले? भरवसा गेला का कुलूप बदला."

"चाबी एकच हाय. माह्या कमरंले."

"मंग बिनचाबीचं खोलून राहिला कोनी. ते तं आनखी वाईट."

"धान हाय कोठीत," रिता म्हणाली. "बदलून टाका नं मामाजी. सुताराच्या घरचे पाट मोडके, तसं नका करू."

ज्या नियमानं त्यानं जगाला शहाणं केलं, तो नियम त्याच्याच ताटात वाढला गेला. आणि खरं सांगायचं तर त्याला तो सोयीचाही वाटला. चोर असेल तर बरंच की. चोराचं काय करायचं ते त्याला ठाऊक होतं.

त्यानं दुकानातलं सगळ्यात चांगलं कुलूप आणलं, तसंच आरपार भोकाचं. दुपारी स्वतः बसला, जुनं काढलं. दारात चौकोनी खाच मोकळी झाली. नव्याची खाच थोडी मोठी लागत होती. पटाशी बोथट निघाली, तो दुकानात धार लावायला गेला, आला, आणि दम लागला म्हणून खाटेवर जरा टेकला.

त्या खाचेतून वारा येत होता. कापायला आलेल्या धानाचा वास घेऊन, पाळीवरच्या ओल्या मातीचा वास घेऊन. कोठी इतकी शांत होती की त्याला स्वतःचाच श्वास ऐकू आला. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी झोप त्याला लागली, आणि झोपेत कुणीतरी अंगावर चादर ओढून दिल्यासारखं वाटलं.

जाग आली तेव्हा चादर खरंच अंगावर होती. रितानं घातली असेल.

ऊन कलायला लागलं होतं. तो उठला आणि त्यानं नवं कुलूप बसवलं. चाबी फिरवून पाहिली. खटका असा बसला, की दुकानात असता तर त्यानं गिऱ्हाइकाला तो दोनदा ऐकवला असता.

खटक्यामागून कोठीत एक आवाज आला. अगदी बारीक. लांबचा प्रवास करून आलेल्या बाईला गाडी निघून गेल्याचं कळावं, आणि ती ओरडू नये, नुसती खाली बसावी, तसा.

दुसऱ्या दुपारी खुडखुड पुन्हा सुरू झाली. पण जुनी, सराईत नव्हे. अडखळत, चुकत, पहिल्यापासून. कुणीतरी नवं कुलूप शिकायला बसलं होतं.

६

इथं दुसरा कोणी असता तर मांत्रिक शोधायला निघाला असता, नाहीतर घर विकायला. बाबूलालनं काय केलं? तो दुपारी लवकर घरी यायला लागला.

गिऱ्हाईक बोलत असतानाच त्याची नजर उन्हाकडं जायची. "चला, जेवाले जातो, उद्या या." घरी आला की चार घास खायचा आणि कोठीत जाऊन दार लोटून घ्यायचा. खाटेवर बसायचा, पाय वर घेऊन. ठिपका जमिनीवरून नाहीसा झाला की तो बोलायला लागायचा. आज कोण आलं, कोण घासाघीस करत होतं, नळाची तोटी उलटी बसवून भांडायला आलेल्या माणसाची गोष्ट. खुडखुड चालू असायची. मधेच थांबायची. ऐकायला थांबत असेल, असं त्याला वाटायचं.

आजारात ती त्याची राहिली नव्हती. एका दुकानदाराची ती एक गिऱ्हाईक होती. आता तेवढं तरी होतं. गिऱ्हाईक रोज येत होतं. आणि ते जाऊ नये म्हणून काय करावं लागतं, हे त्याच्या कमरेला बांधलेलं होतं.

"चांगलं कुलूप हाय नं?" त्यानं एकदा विचारलं. "भारीतलं हाय. तुह्याच्यानं नाई निंगायचं."

खुडखुड थांबली ती त्या दिवशी पुन्हा झालीच नाही. संध्याकाळी चाबी घालून पाहिली तेव्हा आतल्या पितळेवर ओलावा होता. त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसला. आणि तरी, दार बंदच आहे ना, हेही त्यानं ओढून पाहून घेतलं.

७

दिवाळी झाली. कोणत्या गावची मंडई कधी, कुठं कोणतं नाटक, याचे कागद दुकानाच्या खांबाला लागले. सानगडीच्या मंडईचाही लागला.

त्या दुपारी ठिपका नाहीसा झाला, आणि बाबूलालनं सवयीनं दाराकडं पाहिलं. या वेळी भोकच काळं होतं. उजेड आत येतच नव्हता. बाहेरून कोणीतरी दाराला लागून उभं होतं.

आत खुडखुड वेड्यासारखी वाढली होती.

तो उठला नाही. श्वास रोखून बसला. बाहेरून काहीच आवाज नाही, कडी वाजवणं नाही, हाक नाही. फक्त ते काळं भोक. ऊन पार गेलं तेव्हा कुठं तो खाटेवरून उतरला.

संध्याकाळी रिता चूल सारवता सारवता म्हणाली, "मामाजी, तो म्हातारा कोन हाय जी? मागं उभा रायते तो?"

"कोन म्हातारा?"

"दोन-चार रोज झाले पाहून राहिली. मी वाळवन आनाले मागं गेली, तं हा उभा, पायरीजवळ. थंडीचे दिवस आन् हातात छत्री! मले हसूच आलं. मी म्हटलं, आबाजी, उन्हात काहून उभे, या नं घरात, पानी घ्या. तं म्हन्ते, 'नाई पोरी, इथलं पानी चालत नाई मले. उभाच बरा हाय.'" तिनं पोतेरं पिळलं. "जातपात पाहाते का काय बुढा, असं वाटलं मले. राग आला. पन चेहरा असा होता, मामाजी... लई थकलेला. म्हटलं कोनाची वाट पाहता? तं तुमच्या दाराकडं पाहाले लागला. तुमच्या वळखीचा हाय का?"

रिता या घरात आली तेव्हा देवाजीला जाऊन वर्षं झाली होती. त्याचा फोटोही या घरात नव्हता.

बाबूलालनं काय काय विचार केला नसेल! म्हातारे सगळे सारखे. छत्र्या सगळ्या काळ्या. पाण्याचा नेम पाळणारे अजून आहेत खेड्यांत. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाला गळी उतरवावं तसं तो स्वतःला पटवत राहिला. पण एक गोष्ट कुठल्याच कारणात बसेना. ती जिवंत होती तेव्हा रोज सांगायची, दादा उभा हाय, ऊन हाय. आणि तो रोज म्हणायचा, उद्या.

किती वर्षांपासून उभा होता तो माणूस?

"रिता," तो म्हणाला, "शिदोरी बांधशीन का उद्या? करंज्या, चिवडा. थोडे अनारसे राहिले असन तं."

"कोनाले?"

"सानगडीले जायाचं हाय."

"तुमी जाता?"

"मी नाई."

रितानं वर पाहिलं. काही विचारणार होती. सासऱ्याचा चेहरा पाहून तिनं पोतेरं खाली ठेवलं आणि म्हणाली, "नारळ आनून ठेवजा मंग. ओटीशिवाय पाठवू नये."

८

दुपारी कोठीत दोघंच होते, म्हणजे डोळ्यांना दिसणारे. रितानं दारापाशी पाट मांडला. पाटावर तांदूळ, नारळ, खण. शेजारी फडक्यात बांधलेली शिदोरी. तिनं रिकाम्या हवेत कुंकवाचं बोट टेकवलं आणि झटक्यानं मागं घेतलं. बोटाचं टोक कोरडं होतं. कुंकू नव्हतं त्यावर. खालीही सांडलं नव्हतं. ती पोत्यांना पाठ लावून उभी राहिली, आणि पदर तोंडात धरला.

भोक काळं होतं. पायरीच्या दगडावर ठक, ठक झालं.

बाबूलालनं करदोड्याची गाठ सोडली. गाठ ओढून ओढून घट्ट झालेली, बोटं ऐकेनात. त्याला वाटलं, नाही सुटली तर? आज नाहीच सुटली तर उद्या... आणि त्याच क्षणी गाठ सुटली.

चाबी घालायला तो वाकला. भोकापाशी आधीच काहीतरी होतं. त्याच्या हाताला दुसऱ्या हाताचा स्पर्श झाला. गार, हलका, बोटांच्या पेरांवर चरे पडलेला. तो हात नव्या गिऱ्हाइकासारखा संकोचून बाजूला झाला.

"थांबा बाई," तो म्हणाला. "मी काढतो."

खटका वाजला. त्यानं दार ओढलं.

पश्चिमेचं ऊन एकदम अंगावर आलं आणि डोळे दिपले. त्या दिपण्यात त्याला काय दिसलं ते तो कधी नीट सांगू शकला नाही. पाळीवर एक काळी छत्री उघडली गेली. तिच्या सावलीखाली हिरवं काहीतरी शिरलं, धानाच्या पिवळ्यात न शोभणारं हिरवं. छत्री पूर्ण एका बाजूला धरलेली होती, धरणारा स्वतः उन्हात.

पण त्याआधी, त्याच्या अगदी जवळून, खांद्याच्या उंचीवरून, आवाज आला होता. थकलेला, अदबशीर, परक्या माणसाशी बोलतात तसा.

"भलं होवो तुमचं, दुकानदार."

तो दाराची चौकट धरून उभा राहिला. इतकंच म्हणायचं होतं त्याला, अवं, मी हाय. मी. पण तिला उशीर होत होता, आणि सानगडी लांब.

पाटावर तांदूळ, नारळ, खण होता तसाच होता. शिदोरी तेवढी नव्हती.

९

राजकुमारनं दोनतीनदा विचारलं, दाराला कुलूप पाहिजे की नको. बाबूलालनं ते उतरवून ठेवलं होतं. चौकोनी खाच तशीच. धान त्यांनी पुढच्या खोलीत हलवलं. रितानं त्यावर एकदाही टोमणा मारला नाही, यावरूनच घरात काय ते समजावं.

सुशीलाबाई परत आल्या. "तुमी म्हटलं होतं थांबा, तं थांबली. आता सांगा. बदलू का?"

"बाई," बाबूलाल म्हणाला, "कुलूप बाहेरच्यासाठी असते. आतल्यासाठी लावू नये." आणि गोष्ट सांगितली नाही. त्याला गोष्ट न सांगता बसलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्या तेलाची कुपी घेऊन गेल्या.

तो दुपारी घरी येतो, जेवतो, कोठीत पडतो. खाचेतून आता ठिपका नाही, उन्हाचा चांगला चौकोन पडतो. तो जमिनीवरून सरकतो, पेटीपाशी जातो. मध्ये काहीच त्याला अडवत नाही. इतकं स्वच्छ ऊन बाबूलालला सोसत नाही. तो भिंतीकडं तोंड करून झोपतो. माहेरी गेलेली बाई मंडई सरली की परत आणावी लागते, नवऱ्यानं स्वतः जाऊन. पण जिनं दुकानदाराचा निरोप घेतला, तिला आणायला दुकानदार कुठल्या नात्यानं जाणार?

मंडया सरल्या. खांबावरचे कागद वाऱ्यानं फाटून गेले.

एका दुपारी भिंतीवरचा उजेड गेला. बाबूलाल कुशीवर वळला. जमिनीवर चौकोन नव्हता. त्यानं दाराकडं पाहिलं, खाच अर्धी काळी होती, आणि अर्धी हिरवी.

दाराला कुलूप नव्हतं. नुसतं ढकललं असतं तरी उघडलं असतं. पण बाहेर जे होतं ते ढकलत नव्हतं. बोलावल्याशिवाय आत न येणाऱ्या माणसासारखं उभं होतं. आत स्वयंपाकघरात रिता भांडी घासत होती. तिच्या हातातलं भांडं थांबलं.

बाबूलाल खाटेवर उठून बसला. छाती इतकी धडधडत होती की आधी त्याला ऐकूच आलं नाही. मग ऐकू आलं. कित्येक वर्षांत त्या घरात कुणी उच्चारला नव्हता तो शब्द. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणून लग्नाच्या पहिल्या दिवसापासून तिनं त्याला ज्या एका शब्दानं हाक मारली, तो.

"अजी."

त्यानं पाय खाली सोडले. अंधारात चपला चाचपल्या. एक सापडली, दुसरी खाटेखाली गेली होती.

"अजी," बाहेरून पुन्हा, जरा लाडिक, जरा वैतागून, "येता नं? ऊन हाय."

"आलो," बाबूलाल म्हणाला, आणि दुसरी चप्पल न शोधताच उठला.